ऑफाच्या नाण्यावरची वटवाघळं

इसवी सन सातशे चौऱ्याण्णव. इंग्लंड अजून इंग्लंड झालेलं नव्हतं. तिथं लहान-मोठी राज्यं होती आणि प्रत्येकाला शेजारच्याचं हवं होतं. मर्सियाचा राजा ऑफा यानं पूर्वेकडच्या तरुण राजाचं, एथेलबर्टचं, डोकं उडवलं. पुढे लोकांनी गोष्ट रचली, की एथेलबर्ट सोयरीक जुळवायला पाहुणा म्हणून आला होता आणि कारस्थान सगळं ऑफाच्या राणीचं होतं.

*

जुन्नरचा राजमहंमद भांड्यांवर नावं कोरतो, ट्रॉफ्यांच्या पाट्या करतो. डब्याच्या बुडाला तो देवाचं नाव कोरत नाही, मग देव कुणाचाही असो. एकदा एका गिऱ्हाइकानं तांब्याच्या तळाला 'श्री' मागितलं. राजमहंमद म्हणाला, "भाऊ, तांब्या कुठंबी टेकवता तुमी. गळ्याशी कोरतो, पैसे नका देऊ."

*

सूचना. उसाला लागून असलेल्या रस्त्यानं अंधारात एकट्यानं जाऊ नये. बिबट्याचा वावर आहे.

*

"आणि मग नाण्यावरची अक्षरं कशी लटकली?"
"वटवाघळांसारखी!"
दर वर्षी. सगळी पोरं एका सुरात.

*

समाधानच्या कमरेला एक किल्ली असते. झोपतानाही.

१

"हलकं आहे," दादाभाऊ म्हणाले.

सागवानी पेटी उघडी होती. नाणं त्यांच्या तळहातावर होतं आणि तळहात जरासा वरखाली होत होता, बाजारात कांदा जोखावा तसा.

"हे माझं नाही. हे पितळ आहे."

राजुरीच्या मर्सिया अभ्यासिकेच्या ऑफिसात त्या सकाळी पाच माणसं होती. स्वतः दादाभाऊ. डर्बीच्या रेल्वे कारखान्यात उभा जन्म काढून गावी परतलेला, हायवेलगतच्या आपल्या जमिनीवर गोरगरिबांच्या पोरांसाठी अभ्यासिका बांधणारा आणि तिला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या परक्या राज्याचं नाव देणारा हा म्हातारा. मोतीबिंदू काढल्यापासून मुंगीचे पाय मोजतो, असं गाव म्हणायचं. दुसरे त्यांचे चुलतभाऊ गेणभाऊ, संस्थेचे खजिनदार. तिसरी सून अश्विनी, दिवाळीत नवऱ्याबरोबर, म्हणजे दादाभाऊंच्या सुजयबरोबर, डर्बीहून कायमची परतलेली. चौथा समाधान, ग्रंथपाल. आणि दारात पेढ्यांचा पुडा घेऊन समाधानची थोरली बहीण तेजस्विनी, महाळुंगे पडवळच्या शाळेत इतिहास शिकवणारी.

पेढे आणायला कारण होतं. ऑफाच्या नाण्याची ही सोन्याची प्रतिकृती दादाभाऊंनी डर्बीच्या कारागिराकडून करून घेतली होती. मूळ नाणं लंडनच्या संग्रहालयात. गेल्या वर्धापनदिनाला त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं, "ऑफानं जिवंतपणीच आपल्या पोराला राज्याभिषेक केला. मीही जिवंतपणीच वारस नेमणार. पुढच्या वर्षी हे नाणं मी समाधानच्या हातात देईन. ज्याच्या हाती नाणं, त्याच्या हाती संस्था." ते पुढचं वर्ष आज होतं. कार्यक्रम संध्याकाळी.

"किल्ली कुणाकडं असती?" गेणभाऊंनी विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं.

समाधानचा हात कमरेवर गेला आणि तिथंच राहिला.

"एक माझ्याकडेही आहे," अश्विनी म्हणाली.

"तू घरची हाईस. घरचं माणूस घरात चोरी करील व्हय?"

"गेणू," दादाभाऊ म्हणाले. "समाधानवर मी संशय घेत नाही. चौदा वर्षं ओळखतो त्याला. पण नाणंच सापडत नाही तोवर मी त्याच्या हातात संस्था कशी देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंत्यात त्ये म्हंत्यात. म्या तवाच सांगितलं व्हतं, ज्याचं काम त्यालाच सोभतं. संध्याकाळच्या आत समाधाननं राजीनामा लिव्हून द्यावा. न्हाईतर आपुन पोलिसात जाऊ."

ज्याचं काम. गेणभाऊंनी पुढचं बोलायची गरज नव्हती. समाधान-तेजस्विनीच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला होता, त्याआधी त्यांच्या घराला गाव कोणतं काम सांगायचं ते राजुरीत अजून कुणी विसरलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत हे पितळ माझ्याकडे द्या," तेजस्विनी म्हणाली.

दादाभाऊंची मूठ मिटली. सगळे बघत होते. मूठ उघडली.

ती नाणं घेऊन बाहेर, वाचनाच्या दालनात आली. भिंतीवर त्याच नाण्याचं ताटाएवढं चित्र रंगवलेलं होतं. मधोमध OFFA REX, राजा ऑफा. वर, मधे, खाली अरबीच्या ओळी. चित्रात त्या अरबी अक्षरांच्या उंच काठ्या खाली लोंबत होत्या. ऑफानं बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल मारली, पण त्याच्या नाणी कोरणाऱ्याला, कोरक्याला, अरबी येत नव्हतं. त्यानं राजाचं नाव घातलं ते उलट्या बाजूनं. म्हणून राजाचं नाव सरळ धरलं की अरबी डोक्यावर उभं. पाचवीत असल्यापासून तिनं ही गोष्ट दादाभाऊंच्या तोंडून ऐकली होती.

तिनं हातातलं नाणं चित्रासारखंच धरलं. OFFA REX सरळ.

अरबी अक्षरांच्या काठ्या वर होत्या.

एकही वटवाघूळ लटकत नव्हतं.

२

"ताई, सोड. घरी जाऊ," समाधान म्हणाला. तो पुस्तकांच्या कपाटामागे स्टुलावर बसला होता.

"पेटी कधी उघडलीस शेवटची?"

"मी उघडतच नाही. सोमवारी वरून फडकं मारतो."

"किल्ली कुणी मागितली?"

"कुणीच नाही. राजीनामा देतो मी. संस्था नको मला. पण राजीनामा दिला तर मी चोर, नाही दिला तर मी चोर आणि वर निर्लज्ज. आई उद्या दळण घेऊन गिरणीत कशी जाणार?"

समोर अभ्यासिकेत रोज येणारी श्रेया आणि आणखी चार-पाच मुली पुस्तकं उघडून बसल्या होत्या. पान एकीचंही उलटत नव्हतं.

"ह्या मुलींच्या आयांनी माझ्यावर विश्वास ठेवून त्यांना इथं पाठवलंय," समाधान हलक्या आवाजात म्हणाला. "चोराच्या अभ्यासिकेत कोण पाठवील?"

तेजस्विनीनं स्कूटीची चावी उचलली. "राजीनामा लिहू नकोस. लिहिलास तर मी फाडीन."

"कुठं चाललीस?"

"अरबी वाचता येणाऱ्या माणसाकडे."

३

खोटं नाणं साच्यातून काढलं असतं तर वटवाघळं जशीच्या तशी उतरली असती. म्हणजे हे फोटो बघून हातानं कोरलं होतं. आणि नुसत्या रेघा बघून कोरणाऱ्यानं त्या जशा दिसल्या तशाच कोरल्या असत्या. सरळ कुणी केल्या? ज्याला त्या वाचता आल्या त्यानं. आळेफाटा, नारायणगाव, जुन्नर. तिन्ही गावांत मिळून असा कोरक्या तिला एकच माहीत होता.

राजमहंमदनं नाणं बघितलं आणि हसला. "माझंच काम. काय झालं, घासलं का?"

"राजचाचा, फोटोत अक्षरं उलटी होती ना?"

"व्हती तर." त्यानं मोबाइल काढून दाखवला. पेटीच्या मखमलीवर ठेवलेलं खरं सोन्याचं नाणं. "मला वाटलं, फोटो काढणाराचं काय चुकलं. मग बघतो तर इंग्रजी सरळ. म्हटलं, बनवणाराच येडा. तिथं नबींचं, आमच्या पैगंबरांचं, नाव हाय, बाई. ते मी खाली डोकं वर पाय कसं कोरणार? हात धजंल का? मी दुरुस्त करून दिलं. त्याचे जास्तीचे पैसेबी नाय लावले."

आतून त्याची बायको सायराबानू चहा घेऊन आली. "मी म्हटलं व्हतं यांना, गिऱ्हाइकाला विचारा. यांचं आपलं, नेकीच्या कामात विचारायचं काय."

"गिऱ्हाईक कोण होतं?"

"तुमची अभ्यासिकाच की," राजमहंमद म्हणाला. "ऑफिसच्या नंबरवरून मेसेज आला. नाटकासाठी पाहिजे, असाच पितळी करा, ट्रॉफ्यांच्या खोक्यात टाकून पाठवा. नाव नव्हतं खाली. आमच्या पोरीनं, रूहीनं, पॅक करून एसटीनं पाठवलं."

"नाटक कसलं बसवताय?" सायराबानूनं विचारलं. "मर्सिया तर आमच्यात मातमाच्या गाण्याला म्हणतात. माणूस मेल्यावर गातात ते."

तेजस्विनीनं चहा तसाच ठेवला. "ट्रॉफ्यांची ऑर्डर कुणाची होती?"

"ती तर दर वेळी फोन करून देतात ना. अश्विनी मॅडम."

४

"म्हणजे शेवटी राणीवर आलं," अश्विनी म्हणाली.

ती मांडवात खुर्च्या मांडून घेत होती. लाऊडस्पीकरवाला 'हॅलो, हॅलो' करत होता.

"डर्बीला आमच्या घरापासून मर्सियाच्या राजांचं दफनस्थान जवळ. बाबा प्रत्येक पाहुण्याला तिथं न्यायचे. आणि प्रत्येकाला सांगायचे, एथेलबर्टला मारलं ऑफानं, आळ घातला बायकोवर." तिनं एक खुर्ची जरा जोरातच आपटली. "विचारा तुम्हाला काय विचारायचं ते. किल्ली माझ्याकडे आहे. ट्रॉफ्या मी मागवल्या. माझ्या नवऱ्याला संस्था मिळाली तर मला बरं वाटेल, हेही खरं आहे."

"ऑफिसचा फोन?"

"टेबलावर पडलेला असतो. मी वापरते, समाधानभाऊ वापरतात, बाबा वापरतात."

"म्या न्हाई," मागून गेणभाऊ म्हणाले. ते मांडवाच्या खांबाला टेकून पान लावत होते. "मला त्ये बोट घासायचं जमतच न्हाई. नातवानं शिकवलं, तर म्या चुकून आमच्या व्याह्यास्नी बदामाचं चित्र धाडलं. सहा महिने व्याही माझ्याशी बोलंना."

अश्विनीला हसू आलं, मग तिनं ते आवरलं.

"ट्रॉफ्यांचं खोकं कुणी उघडलं?" तेजस्विनीनं विचारलं.

"मी पुण्याला गेले होते. आले तेव्हा सगळ्या ट्रॉफ्या कपाटात लावलेल्या होत्या. बाबांनीच उघडलं. म्हणाले, मुलांची बक्षिसं बघायचा मोह आवरला नाही."

तेजस्विनी पुढचा प्रश्न विचारणार होती. तो तिच्या ओठावरच थांबला.

५

ऑफाच्या आधीच्या राजाला त्याच्याच अंगरक्षकांनी रात्री मारलं. दादाभाऊ हे सांगताना आवाज लहान करायचे. मग म्हणायचे, "म्हणून तेजू, राजा मेला की आधी दाराबाहेर बघू नये. दाराच्या आत कोण आहे ते बघावं."

ती अभ्यासिकेच्या पायरीवर बसली होती. समोर ऊस, उसाच्या शेंड्यांवर उतरतं ऊन. मांडव भरत चालला होता.

पेटी दादाभाऊंची. नाणं दादाभाऊंचं. त्यांना किल्ली मागायची गरज नव्हती. ते म्हणाले असते, "समाधान, जरा उघड, पुसून ठेवतो," आणि समाधान ही गोष्ट पुन्हा कुणाला सांगायच्याही लायकीची समजला नसता. स्वतःच्या वस्तूला हात लावणं म्हणजे उघडणं नव्हेच.

पण म्हातारा आहे. खोक्यातलं नाणं दुसऱ्यानंही काढलं असेल. एवढ्यानं माणसाला चोर म्हणता येत नाही. विशेषतः ज्यानं तुम्हाला पहिलं पुस्तक दिलं त्याला.

मग तिला सकाळ आठवली. तळहातावर नाणं, वरखाली होणारा हात.

*हलकं आहे. पितळ आहे.*

मुंगीचे पाय मोजणारे डोळे. ज्या माणसानं तीसेक वर्षं, आधी डर्बीत, मग इथं, लग्नात, बारशात, एसटी स्टँडवर, भेटेल त्याला त्या उलट्या अक्षरांची गोष्ट सांगितली, त्याच्या हातात सरळ अक्षरांचं नाणं येतं. तो पहिल्यांदा काय म्हणेल? काय म्हटल्याशिवाय त्याला राहवणारच नाही?

तो वजन सांगतो.

अक्षरांबद्दल अवाक्षर काढत नाही. कारण अक्षरांचा माग धरला की माणूस अरबी वाचणाऱ्यापाशी पोचतो, आणि तिथून ऑफिसच्या फोनवर.

तिच्याकडे पुरावा म्हणून होती ती एवढीच, एक न बोललेली गोष्ट. न बोललेली गोष्ट पोलिसांना कशी दाखवणार?

आतून समाधान आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"लिहिला मी, ताई."

मांडवात गेणभाऊंनी माइक हातात घेतला होता.

६

"एक मिनिट, गेणकाका," तेजस्विनी पुढे होऊन म्हणाली. "दर वर्षीसारखी आधी गोष्ट होऊ द्या. मग तुमचं चालू द्या."

मुलांनी टाळ्या पिटल्या. गोष्टीशिवाय वर्धापनदिन कधी झालाच नव्हता. गेणभाऊंनी खांदे उडवून माइक दिला. तेजस्विनीनं पितळी नाणं दादाभाऊंच्या हातात ठेवलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की त्यांनाही कळलं आहे.

ते उभे राहिले.

"एक होता राजा ऑफा," त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच भरदार लागला. सवयीचा होता तो. "त्याला वाटायचं, आपल्यामागं आपल्याच पोरानं राज्य करावं. म्हणून भाऊबंदांतला जो जो डोईजड होईल त्याला तो उखडत गेला. शेवटी पोराला गादी मिळाली. आणि पोरगं बापामागून पाच महिन्यांत मेलं." ते क्षणभर थांबले. "तर या ऑफानं बगदादच्या खलिफाचं नाणं बघितलं. म्हणाला, असंच माझ्या नावाचं पाडा. कोरक्याला अरबी येत नव्हतं. त्यामुळं नाण्यावर…"

पुढचं आलं नाही.

मुलं वाट बघत होती. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"वटवाघळं," पाठीमागून एक जण म्हणाला. मग सगळा मांडव म्हणाला, "वटवाघळांसारखी!"

दादाभाऊंनी मूठ मिटली. पण पुढच्या रांगेतली श्रेया उठून आली होती. "बघू ना, दादाभाऊ," ती म्हणाली, दर वर्षीसारखी, आणि त्यांची बोटं सोडवून तिनं नाणं घेतलं. दिव्याखाली धरलं. फिरवून धरलं. उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं.

"यावर तर सरळ आहेत."

खुर्च्या करकरल्या. गेणभाऊंनी पान चघळायचं थांबवलं.

"सकाळी तुम्ही हे हातात घेतलंत," तेजस्विनी म्हणाली. तिनं माइक घेतला नाही. ती त्यांच्याशीच बोलत होती. "वजन सांगितलंत. हे नाही सांगितलंत. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला हेच कसं दिसलं नाही, दादाभाऊ?"

दादाभाऊ हळूहळू खुर्चीत बसले.

"नाणं आलं तेव्हाच दिसलं होतं. पण राजमहंमदला परत उलटं कोर म्हणायला गेलो असतो तर कशाला म्हणून विचारलं असतं त्यानं," ते म्हणाले. "मी चूक मागवली होती. त्यानं ती केली नाही."

अश्विनीचा हात तोंडावर गेला. "बाबा, सुजयनं तुमच्याकडे काही मागितलं होतं का?"

"त्याला ठाऊकसुद्धा नाही. पोरानं मागावं लागतं होय?" त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. "समाधान, गेल्या वर्षी बोललो ते मनापासून बोललो होतो. मग सुजय परत आला. रोज सकाळी समोर बसून चहा प्यायला लागला. बोलायला मी लई मोठा रे. द्यायची वेळ आली तेव्हा हात उचलंना. आणि गावासमोर दिलेला शब्द मोडायचा धीरही होईना. म्हटलं, तूच माघार घे, तुझाच हात खाली येऊ दे."

सोन्याचं नाणं टेबलावर ठेवलं तेव्हा बारीकसा, जड आवाज झाला.

गेणभाऊंनी मांडवाबाहेर जाऊन पिंक टाकली आणि परत येऊन म्हणाले, "आता द्या की राव त्येच्या हातात. समद्या गावानं ऐकलंय. सबूद म्हंजी सबूद."

दादाभाऊंनी नाणं उचलून पुढे धरलं. या वेळी हात उचलला होता.

समाधाननं आधी खिशातला राजीनामा काढला आणि तेजस्विनीकडे दिला. तिनं तो फाडला. मग त्यानं नाणं घेतलं. श्रेयाकडून पितळीही मागून घेतलं. आत जाऊन दोन्ही शेजारी-शेजारी पेटीत ठेवून त्यानं कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला न अडकवता भिंतीवरच्या चित्राखाली, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगली.

"दोन्ही राहू द्या," तो दारातून म्हणाला. "पुढच्या वर्षी गोष्ट मी सांगणार आहे."

०

त्या पितळेच्या तुकड्याला कोरायला पहिल्यांदा हात लावण्याआधी राजमहंमद नळाशी गेला आणि नमाजाआधी करतात तसा, हात-तोंड-पाय धुऊन, त्यानं वुजू केला.